४६ ग्लो इंजिन जमिनीवर ठणठणीत, हवेत चढताना बंद – शोध कुठून सुरू करू?

साखळीकर४६

नमस्कार मंडळी. रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं), ४६ चं म्हणजे ०.४६ घन इंचांचं, दोन-स्ट्रोक, एबीसी (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर), बॉल बेअरिंगवालं. हाय-विंग ट्रेनरवर (वर पंख असलेलं शिकाऊ विमान) बसवलंय, काउल म्हणजे इंजिनावरचं झाकण नाही. प्रोप ११×६ (इंचांत व्यास × पिच), टाकी ३०० मिली, मफलर प्रेशरची म्हणजे मफलरमधला दाब टाकीत नेणारी नळी जोडलेली. इंधन घरी मिसळलेलं: मिथेनॉल ७५, तेल २० (अर्धं एरंडेल, अर्धं सिंथेटिक), नायट्रो ५.

लक्षणं अशी. सुरू पटकन होतं, आयडल टिकतं, इग्नायटर (सुरू करताना प्लगची तार तापवणारी बॅटरी) काढला तरी आरपीएम पडत नाही. टाकी भरून, फुल थ्रॉटलला नाक वर धरून बघितलं, काही बिघडत नाही. उडवल्यावर पहिली तीन मिनिटं उत्तम. मग चौथ्याच्या आसपास, चढ घेताना, आवाज बारीक होत किंचाळल्यासारखा होतो आणि सेकंदा-दोन सेकंदांत बंद. सपाट फेऱ्या मारत राहिलं तर सहा-सात मिनिटंही चालतं. उतरवल्यावर टाकीत निम्म्याहून थोडं जास्त इंधन शिल्लक असतं आणि इंजिन लगेच परत सुरू होतं. मुख्य सुई (फुल थ्रॉटलला इंधन किती जायचं ते ठरवणारी) बेळगावात लावली होती, इथे गोव्यात आणल्यापासून तिला हात लावलेला नाही. प्लग दोनदा बदलला.

कुठून सुरू करू?

तिसवाडी_ट्रेनर

प्लग कोणता घातलाय? पाच टक्के नायट्रोला गरम प्लग लागतो, थंड घातला असेल तर असंच होतं. आणि जमलं तर नायट्रो १० किंवा १५ करा, इंजिन माफ करतं.

क्लंक_काका

प्लगचा यात हात दिसत नाही. बिघडलेला किंवा थंड प्लग आधी आयडलला रडतो, इग्नायटर काढताच आरपीएम काही शेने खाली येतो, थ्रॉटल उघडताना इंजिन अडखळतं. इथे यातलं एकही नाही. साखळीकरांनी लक्षणं नीट लिहिली आहेत, उत्तर त्यातच आहे.

बंद पडण्याचा आवाज आधी ओळखा. गुळण्या केल्यासारखा जड आवाज, मागे दाट धूर, मग बंद: इंधन जास्त, म्हणजे रिच. आवाज हळूहळू बसत जातो, ताकद कमी होते, बंद पडल्यावर गार होईपर्यंत सुरू व्हायला कुरकुर: इंजिन तापलंय. आणि आवाज बारीक, धुराची रेघ नाहीशी, झटकन बंद, पण खाली आणताच पहिल्या झटक्याला सुरू: इंधनाऐवजी हवा ओढली जातेय, म्हणजे लीन. तुमचं तिसरं.

आता वेळ बघा. तीन मिनिटं नीट, नंतर फक्त चढावर. ४६ चं इंजिन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३० मिली पितं. ट्रेनर काही सतत फुल थ्रॉटलला नसतं, म्हणजे चौथ्या मिनिटाला टाकीतली पातळी एक तृतीयांश उतरलेली. चढताना नाक वर, इंधन मागे सरकतं आणि टाकीचा पुढचा, वरचा भाग उघडा पडतो. तिथे कुठेतरी भोक आहे. टाकी भरलेली असताना ते भोक इंधनाखाली बुडालेलं असतं, म्हणून त्रास होत नाही. तुमची जमिनीवरची परीक्षा भरल्या टाकीची होती, इंजिन त्यात पास होणारच. हीच परीक्षा अर्ध्या टाकीवर करा. एकाने विमान मागून घट्ट धरायचं, फुल थ्रॉटल, नाक सरळ आकाशाकडे, दहा सेकंद. दुसऱ्याने थ्रॉटलवर हात ठेवून उभं राहायचं, तेही प्रोपच्या रेषेत नाही. अर्ध्या टाकीवर आवाज बारीक होऊन बसला तर सुईकडे जायचंच नाही, टाकी बाहेर काढायची.

टाकीत काय बघायचं ते सविस्तर लिहितो, कारण हवेत बंद पडणाऱ्या इंजिनांची निम्मी दुखणी टाकीतच सापडतात, आणि टाकी काढायचा कंटाळा येतो म्हणून माणसं सुई फिरवत बसतात.

१. क्लंकची नळी (क्लंक म्हणजे टाकीच्या आत इंधन ओढणाऱ्या मऊ नळीच्या टोकाचं वजन). रबरी बुचातून आत येणाऱ्या पितळी नळीवर ती जिथे चढते तिथे बघा. पितळी नळी कापल्यावर कड घासली नसेल तर ती ब्लेडसारखी धार धरते आणि विमानाच्या थरथरीने सिलिकॉनला बारीक चीर पाडते. डोळ्याला दिसत नाही, नळी वाकवून ताणली की दिसते. नळी बदलताना पितळेची कड कानसने मोडून घ्या.

२. क्लंक मागच्या भिंतीला टेकता कामा नये, ५-६ मिमी मोकळं हवं. टेकला तर तोंड बंद होतं किंवा तो अडकून बसतो. टाकी हातात घेऊन सगळीकडे कलवा, प्रत्येक वेळी क्लंक पडल्याचा ‘टक’ आवाज आला पाहिजे.

३. नाकावर आदळलेल्या उतरणीनंतर क्लंक उलटून पुढे जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. मग भरल्या टाकीवर सगळं छान आणि चढावर लगेच लीन. उपाय सोपा: क्लंकच्या नळीच्या मधोमध पितळी नळीचा दोन-अडीच सेंमीचा तुकडा घाला, म्हणजे ती दुमडतच नाही. दोन्ही टोकांना सिलिकॉन मऊच राहिलं पाहिजे, नाहीतर क्लंक हलणार नाही.

४. व्हेंटची नळी टाकीच्या छतापर्यंत वाकवलेली हवी. मफलरचं प्रेशर तिथूनच येतं.

५. टाकीची उंची. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या स्प्रेबारच्या (इंधन सोडणाऱ्या आडव्या नळीच्या) पातळीत, फार तर ८-१० मिमी खाली. ट्रेनरमध्ये टाकी बहुधा खाली बसते. टाकी भरल्यापासून संपेपर्यंत मिश्रण बदलत जातं ते यामुळे.

६. टाकीभोवती फोम. टाकी थेट लाकडाला लागली की थरथरीने इंधनात फेस होतो आणि फेस म्हणजे हवाच. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी पारदर्शक लावा, इंजिन फुलला असताना तिच्यात बुडबुडे धावताना दिसले की शोध अर्धा संपला.

साखळीकर४६

काका, अर्ध्या टाकीवर नाक वर धरलं. सहाव्या सेकंदाला आवाज बारीक, आठव्याला बंद. दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच. मग टाकी काढली, दोन नळ्या बंद करून तिसरीतून सिरिंजने हवा भरली आणि बादलीत बुडवली. एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकी निर्दोष?

क्लंक_काका

टाकीचं भांडं निर्दोष, बुच निर्दोष. क्लंकची नळी अजून तपासलेलीच नाही! ती टाकीच्या आत आहे. तिला चीर असेल तर हवा टाकीतून टाकीतच जाते, बादलीत बाहेर कशी दिसेल? बुच काढा, नळी क्लंकसकट बाहेर घ्या, क्लंकचं तोंड बोटाने दाबा, पितळी टोकाला सिरिंज लावा आणि ही नळी पाण्यात बुडवून दाब द्या. नळी पितळेवरून थोडी वाकवून धरा, चीर सरळ स्थितीत मिटलेली असते.

तोंडाने फुंकू नका, सिरिंज वापरलीत ते उत्तम. मिथेनॉल विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं.

एरंडेल

टाकीचं काका बघतील. मी बेळगावच्या सुईबद्दल लिहितो, ती वाटते तितकी निरागस नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर. तिथली हवा इथल्यापेक्षा ७-८ टक्के विरळ. तिथे बरोबर बसलेली सुई घाट उतरून गोव्यात आणली की तेवढ्याच भोकातून घट्ट हवा आत येते, इंधन त्या प्रमाणात वाढत नाही, मिश्रण लीनकडे सरकतं. जमिनीवर ते कळत नाही, हवेत प्रोपवरचा भार हलका होतो, आरपीएम वाढतो, इंधन जास्त लागतं आणि शिल्लक राहिलेला थोडासा रिचपणा संपतो. तुमच्या नळीला भोक असो नसो, सुई तीन-चार क्लिक उघडावीच लागणार. मात्र गळती सापडेपर्यंत उघडू नका. गळतीवर सुई उघडून इंजिन चालवलं तर भरल्या टाकीवर ते रिच आणि अर्ध्यावर लीन, मधलं कधीच मिळत नाही.

आपल्याकडची हवा आणखी एक खेळ करते. दमट हवेत वाफ असते, तेवढा ऑक्सिजन कमी. पावसाळ्याच्या उघडिपीत किंवा मेमधल्या घामट दुपारी बरोबर बसलेली सुई डिसेंबरच्या कोरड्या, गार सकाळी लीन पडते. म्हणून हिवाळ्यात सकाळी पहिल्या उड्डाणाआधी दोन क्लिक उघडून मगच आरपीएमचं वरचं टोक शोधा.

तिसवाडीभाऊ, नायट्रो वाढवून गळती भरत नाही. उलट नायट्रोला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, म्हणजे १५ टक्के ओतून सुई तीच ठेवली तर इंजिन अजून लीन होईल. नायट्रोने आयडल सुधारतं हे खरं. पण यांचं आयडल आजारी नाहीच.

साखळीकर४६

एरंडेल, मिथेनॉलचा कॅन गेल्या पावसाळ्यात उघडलेला आहे. पाणी शोषलं असेल का? घरी फेणीचा ग्राव (तीव्रता) बघायचं काचेचं उपकरण आहे, त्याने कळेल?

एरंडेल

त्याने नाही कळणार. त्याच्या रेघा फेणीची तीव्रता बघण्यासाठी आखलेल्या. इथे आपल्याला तिसऱ्या दशांशातला फरक वाचायचाय. प्रयोगशाळेचा ०.७५० ते ०.८०० आणि ०.८०० ते ०.८५० असे हायड्रोमीटर मिळतात, ते घ्या. शुद्ध मिथेनॉलची घनता २० अंशांना ०.७९२. पाच टक्के पाणी गेलं की ती ०.०१ हून थोडी जास्त वाढते. पण गंमत अशी की तापमान १० अंशांनी वाढलं की घनता जवळपास तेवढीच घटते. म्हणजे दुपारी ३० अंशांना मोजून ०.७९२ आलं तर मिथेनॉल शुद्ध नाही, पाणी मिसळलेलं आहे! थर्मामीटर बुडवल्याशिवाय आकडा वाचू नका. आणि हे फक्त तेल-नायट्रो घालायच्या आधी. मिसळलेल्या इंधनाची घनता मोजून काहीच कळत नाही, नायट्रो आणि एरंडेल दोन्ही मिथेनॉलपेक्षा जड.

हायड्रोमीटर नसेल तर एक ढोबळ खूण: एरंडेल मिथेनॉलमध्ये स्वच्छ विरघळतं, पाणी जास्त असलं की मिश्रण धुरकट होतं. सिंथेटिक तेलाला ही खूण लागू नाही.

पाणी असलेल्या इंधनावर इंजिन सुरू होतं, पण सुई कुठेच स्थिर बसत नाही, आज एक, उद्या दुसरी. शिवाय मागचं बेअरिंग गंजतं. वर्षभर उघडलेला कॅन असेल तर त्यातलं इंधन उड्डाणासाठी नको. आणि ते काही झालं तरी पाण्याच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत ठेवू नका, आपल्या घरांत ती बाटली कोण उचलेल सांगता येत नाही. एक-एक लिटरच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, ठळक लेबल लावून, सावलीत.

डेडस्टिक

नळी निघाली तरी बाकीच्या जागा एकदा बघून घ्या, टाकी बाहेर आलीच आहे.

मफलर प्रेशरचं निपल. जळलेल्या एरंडेलाचा थर आत साचतो, १ मिमीच्या तारेने मोकळं करा. मफलर बांधणारे स्क्रू तापून-निवून ढिले होतात. प्रेशर गेलं की चढावर इंधन वर चढत नाही.

कार्ब्युरेटरच्या मानेवरची ओ-रिंग आणि बॅकप्लेटची (इंजिनाच्या मागच्या झाकणाची) गॅस्केट. इंजिन आयडलला असताना मानेभोवती इंधनाचा एक थेंब सोडा. आरपीएम क्षणभर बदलला तर तिथून हवा जाते. बॅकप्लेटचे स्क्रू आवळताना समोरासमोरचे आवळा, एकाच बाजूने नको.

सुईचा स्वतःचा धागा. सुईच्या बैठकीवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवून बघा. त्याने इंजिन शांत झालं तर गळती तिथेच होती, तुकडा तसाच राहू द्या.

इंधनाचा फिल्टर. माझं मत असं की तो टाकी आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये नको. त्याच्या जोडणीची ओ-रिंग आटली की तो स्वतःच हवा ओढतो. फिल्टर कॅनपासून टाकीकडे, भरतानाच लावा. आपल्या सड्यांवरची तांबडी धूळ इतकी बारीक की कॅनचं झाकण मिनिटभर उघडं राहिलं तरी आत जाते. तीच धूळ कार्ब्युरेटरमधून गेली की एबीसीचा लायनर झिजवते. म्हणून सुरू करताना विमानाखाली ताडपत्री पसरा, प्रोपने उडवलेली माती प्रोपच ओढतं.

टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) वापरणार असाल तर खोलीत ट्यूबलाइटखाली तपासून घ्या. चोकवाली जुनी ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, दोन पात्यांवर लावलेला टॅकोमीटर बरोबर ३००० दाखवायला हवा. खोटं बोलणारा टॅको घेऊन सुई लावण्यापेक्षा कानाने लावलेली बरी.

साखळीकर४६

सापडलं. क्लंकची नळी वाकवून पाण्यात धरली, पितळेच्या कडेलगत बारीक बुडबुड्यांची माळ. चीर जेमतेम ३ मिमीची. पितळी नळीची कड खरंच धारदार होती. नळी नवी, कड घासली, मधे पितळी तुकडा टाकला. मिथेनॉल नवं. अर्ध्या टाकीवर नाक वर धरलं तर आता बंद पडत नाही, पण आवाज किंचित बसतो. हे बेळगावच्या सुईचं?

एरंडेल

हो. आता सुईला हात लावायची वेळ झाली. इंजिन मिनिटभर चालवून गरम करा, पुढचं सगळं गरम इंजिनावर.

मुख्य सुई चार क्लिक उघडा, डावीकडे. फुल थ्रॉटल. मग एकेक क्लिक बंद करत जा, प्रत्येक क्लिकनंतर पाचेक सेकंद थांबा, इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. आरपीएम चढता चढता थांबेल, तेच टोक. टोकावर ठेवायचं नाही. तिथून उघडत परत ३०० ते ५०० आरपीएम खाली या. ११×६ वर जमिनीवर ११ ते १२ हजारांच्या दरम्यान काहीतरी येईल. आकड्यापेक्षा टोकापासूनचं अंतर महत्त्वाचं.

मग नळीला चिमटा. प्रोपच्या मागून हात घालून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी क्षणभर दाबा, सोडा. आरपीएम आधी थोडा वाढून मग पडायला लागला तर सुई बरोबर. दाबताक्षणी पडला तर अजून लीन, दोन क्लिक उघडा. खूप वाढला तर फार रिच. शेवटी अर्ध्या टाकीवर नाक वर: आवाज तसाच राहावा किंवा किंचित चढावा. बसायला नको.

यानंतरच लो सुई, म्हणजे आयडलचं मिश्रण ठरवणारी. थ्रॉटल आयडलला दहा-पंधरा सेकंद ठेवून झटकन उघडा. गुरगुरत, धूर सोडत चढलं तर लो रिच, फेऱ्याच्या आठव्या भागाएवढी बंद करा. थेट गचकन बंद पडलं तर लीन, तेवढीच उघडा. मुख्य सुई ठरायच्या आधी लो सुई फिरवली की दोन्ही हरवतात.

उडाल्यावर चढताना मागे धुराची पातळ रेघ दिसतेय का बघत राहा. दिसेनाशी झाली तर थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि उतरवा.

तिसवाडी_ट्रेनर

बरोबर, प्लगवर माझी घाई झाली. पण मग यांनी आधीचे दोन प्लग टाकून द्यायचे का?

क्लंक_काका

उजेडात धरून बघा. तार चमकदार, सरळ वेटोळी असेल तर ठेवा. पांढुरकी, खरखरीत झाली असेल किंवा वेटोळं एका बाजूला कललं असेल तर लीन चालल्याची खूण, टाका. तारेवर धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले तर मात्र इंजिन उघडा: बेअरिंग सुटतंय किंवा लायनरचं क्रोम निघतंय. प्लग बसवताना तांब्याचा वॉशर विसरू नका, टेकल्यावर पाव फेरा पुरे.

साखळीकर४६

सुई तीन क्लिक उघडून थांबली. आज तीन उड्डाणं, प्रत्येकी आठ मिनिटं, चढ घेत. एकदाही बंद नाही, धुराची रेघ शेवटपर्यंत. आधीचा एक प्लग पांढुरका निघाला, टाकला. एकच विचारायचं राहिलं, पावसात चार महिने ठेवताना काय करायचं?

डेडस्टिक

शेवटच्या उड्डाणानंतर टाकी रिकामी करा, मग इंजिन आयडलला चालवून कार्ब्युरेटरमधलं इंधन संपवा, नळी काढून ते स्वतःहून बंद पडलं पाहिजे. आत उरलेलं मिथेनॉल दमट हवेतून पाणी ओढतं आणि मागच्या बेअरिंगवर तांबूस थर येतो. प्लग काढून आत चार-पाच थेंब, कार्ब्युरेटर पूर्ण उघडून तिथून चार-पाच थेंब आफ्टर-रन तेल (इंजिन ठेवून देताना गंज रोखायला घालायचं). नुसतं एरंडेल नको, ते महिन्याभरात डिंकासारखं होतं. प्रोप हाताने दहा-बारा वेळा फिरवा, प्लग परत लावा, कार्ब्युरेटर आणि मफलरचं तोंड फडक्याने बंद करा. इंजिन प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसकट, पिशवीतली हवा दाबून काढलेली. समुद्राकडच्या घरात असाल तर महिन्यातून एकदा पिशवी उघडून प्रोप दोन फेरे फिरवा. करकर ऐकू आली तर बेअरिंग तेव्हाच बदला, ऑक्टोबरची वाट बघू नका.